"खात्री नसेल तर एन म्हणा": कर्नल बांधायला बसलो आणि अडकलो

कोरी_पाटी | शनिवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. फोनवरून टंकतोय, कारण ज्या लॅपटॉपचं रडगाणं आहे त्याचा कीबोर्डच चालत नाही. फोनवर फक्त मराठी कळफलक ठेवलाय, त्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीतच येतील. सांभाळून घ्या.

आधी दुखणं सांगतो. नवा लॅपटॉप, रायझन प्रोसेसर. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) घातलं. टचपॅड, वायफाय, आवाज, सगळं पहिल्या झटक्यात चाललं, कीबोर्ड तेवढा मेलेला. गंमत म्हणजे ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत तो ठणठणीत असतो. बाण चालतात, एंटर चालतं. लिनक्स सुरू झालं की एकही कळ लागत नाही. सध्या यूएसबीचा कीबोर्ड लॅपटॉपच्या कीबोर्डावर आडवा ठेवून काम चालवतो. आय८०४२चे (कीबोर्ड सांभाळणाऱ्या कंट्रोलरचे) जे जे बूट पॅरामीटर लोकांनी सुचवले ते सगळे घालून झाले. ढिम्म.

शोधता शोधता कळलं की हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्समध्ये ड्रायव्हर्स, त्यात एसीपीआय, त्यात रिसोर्स डॉट सी नावाची फाइल आहे. तिच्यात असल्या लॅपटॉपांची एक यादीच आहे. यादीत आपलं मॉडेल घातलं की कीबोर्ड जिवंत होतो म्हणे. "चार ओळी घाला आणि कर्नल कंपाइल करा, इतकंच" असं जिथे तिथे लिहिलंय. चार ओळी घालायला मला दहा मिनिटं लागली. 'इतकंच' सुरू होऊन आज सोळा दिवस झाले.

पहिला दिवस: मेक मेनूकॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय हवं ते निवडायचा मेनू) म्हटलं. फ्लेक्स नाही म्हणालं. घातलं. बायसन नाही. घातलं. एनकर्सेस नाही. तेही घातलं. पुढे बांधणी सुरू केल्यावर ओपनएसएसएल नाही, मग लिबएल्फ नाही. दर वेळी एकच मागणी, ती पुरवली की पुढची. काय काय लागतं याची यादी आधीच हातात दिली तर काय बिघडतं?

मग तो निळा पडदा उघडला. आत मेनू, मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू. एखादा पर्याय समजला नाही म्हणून मदत उघडली की लिहिलेलं असतं: अमुक कंट्रोलर असेल तर वाय म्हणा, खात्री नसेल तर एन म्हणा. अहो, तो कंट्रोलर माझ्याकडे आहे की नाही हेच कळत नाही म्हणून तर मदत उघडली! पण मी आज्ञाधारक माणूस. दोन संध्याकाळी बसून जिथे खात्री नव्हती तिथे एन म्हणत गेलो. खात्री कुठेच नव्हती.

बांधायला तीन तास दहा मिनिटं लागली. एका लेखात सांगितल्याप्रमाणे बीझेडइमेज (बांधून निघालेली कर्नलची फाइल) उचलून बूट फोल्डरमध्ये टाकली, ग्रबमध्ये हाताने एंट्री लिहिली, मशीन परत सुरू केलं आणि हे आलं:

कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)

जुनं कर्नल ग्रबमध्ये आहे, त्यामुळे मशीन वाचलंय. दोन प्रश्न आहेत. हे काय झालं? आणि या सगळ्याची धड माहिती, माझ्यासारख्याला कळेल अशी, कुठे आहे का?


भोचक | शनिवार, रात्री ११:५८

काडी टाकून पळतो. तुम्हाला कर्नल बांधायला सांगितलं कोणी? डेबियन देतं ते वापरायचं, तुमचं मॉडेल कधीतरी यादीत येईलच. तोवर यूएसबी कीबोर्ड आहे की.


सेमीकोलन | रविवार, सकाळी ८:१५

धागाकर्ते, तुमच्याच लिपीत उत्तर देते.

अननोन-ब्लॉक(०,०) म्हणजे कर्नल उठलं, पण ज्या डिस्कवर रूट फाइलसिस्टिम आहे ती त्याला दिसलीच नाही. ते दोन शून्य म्हणजे डिव्हाइसचा मेजर आणि मायनर क्रमांक. दोन्ही शून्य, याचा अर्थ हाती काहीच लागलं नाही. याची नेहमीची कारणं दोन, आणि तुमच्याकडे ती दोन्हीही असू शकतात.

एक: डिस्कचा ड्रायव्हर बंद केला असेल. नवा लॅपटॉप आहे म्हणजे एनव्हीएमई डिस्क असणार. "एनव्हीएम एक्स्प्रेस ब्लॉक डिव्हाइस" नावाच्या पर्यायाला एन म्हणालात का? त्याच्या मदतीत लिहिलंय की असली डिस्क आपल्याकडे नाही हे *माहीत असेल* तर एन म्हणायला हरकत नाही. खात्री नसेल तर असं तिथे लिहिलेलं नाही.

दोन, आणि माझा संशय जास्त यावर आहे: तुम्ही नुसती बीझेडइमेज उचलून ठेवलीत. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये डिस्कचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून (सुट्या फाइली, मेनूत एम) असतात आणि मॉड्यूल असतात डिस्कवर. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर वाचायला डिस्क हवी. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तसं. म्हणून बूटच्या वेळी इनिटरामएफएस नावाचं एक गाठोडं मेमरीत उलगडतात. सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर त्यात असतात. तुमच्या नव्या कर्नलसाठी ते गाठोडं कोणी बांधलंच नाही.

हाताने कॉपी करू नका. आधी मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल, मग मेक इन्स्टॉल. डेबियनवर मेक इन्स्टॉल स्वतःच गाठोडं बांधतं आणि ग्रबची यादीही ताजी करतं. त्याहून बरं म्हणजे मेक बाइनडेब-पीकेजी. त्यातून सरळ डेब पॅकेजं निघतात. ती नेहमीसारखी घालायची आणि नको झाली की नेहमीसारखी काढायची.


जुनं_खोड | रविवार, सकाळी ९:०२

तो लेख कुठला ते विचारत नाही, पण त्यात मेक डेप अशी एक पायरी होती का? असेल तर तो लेख कर्नल २.४च्या काळातला आहे. २.६ आलं डिसेंबर २००३मध्ये आणि मेक डेप तेव्हाच निकालात निघालं. त्या काळी डिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्येच ठोकायची पद्धत होती, म्हणून बीझेडइमेज कॉपी केली की काम भागायचं. लेख खोटा नाही, पण त्याची मुदत संपून वीस वर्षं झाली. इंटरनेटवरच्या लेखांना औषधाच्या बाटलीसारखी तारीख लावायला हवी.

भोचकराव, तुम्ही टाकलेली काडी नवी नाही. २००२च्या जानेवारीत कर्नलच्या मेलिंग लिस्टवर हेच भांडण रंगलं होतं. एरिक रेमंड यांनी सीएमएल२ नावाची नवी कॉन्फिगरेशन प्रणाली पायथनमध्ये लिहिली होती. त्यांचं म्हणणं असं की संगणकातलं काही न कळणाऱ्या टिली मावशीलाही स्वतःचं कर्नल बांधता आलं पाहिजे, यंत्रात काय आहे ते साधनाने आपणहून ओळखावं. समोरचे म्हणाले, मावशीने कशाला त्या भानगडीत पडावं, वितरकाने दिलेलं कर्नल वापरावं. सीएमएल२ शेवटपर्यंत आत गेलंच नाही. त्याऐवजी त्याच वर्षी २.५.४५मध्ये रोमन झिपेल यांचं केकॉन्फिग आलं. धागाकर्ते ज्या निळ्या पडद्याला कंटाळलेत, त्याच्यामागे तेच आहे.

मी तेव्हा दुसऱ्या बाजूला होतो. म्हणजे मावशीला घरी बसवणाऱ्यांच्या. पण वितरकाच्या कर्नलमध्ये मावशीचा कीबोर्डच चालत नसला तर काय करायचं, हा प्रश्न तेव्हा कोणी काढला नव्हता.


रात्रपाळी | रविवार, सकाळी १०:४०

+१. टिली मावशीला दंडवत.

धागाकर्ते, तीन तास का लागले? मेक हायफन जे लिहून पुढे कोअरचा आकडा दिला होता का? आणि आकडा न देता नुसतं हायफन जे लिहू नका हो. मी लिहिलं होतं. आकडा नसला की मेक जेवढी कामं दिसतील तेवढी एकदम सोडतं. माउसचा बाण पडद्याच्या मध्यावर थिजला आणि मी पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो. शेवटी पॉवरचं बटण.


कोरी_पाटी | रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. मेक डेप होतं, खोडकाका. बरोब्बर ओळखलंत.

एनव्हीएमई मात्र मी बंद केलं नव्हतं, एम होतं असं आठवतं. म्हणजे सेमीकोलनताईंचं दुसरं कारण. हे मी खात्रीने सांगू शकत नाही, कारण ती फाइल आता माझ्याकडे नाही.

झालं असं की नव्याने सुरुवात करायची म्हणून आणखी एक मार्गदर्शक उघडला. त्यात पहिलीच ओळ: सोर्स स्वच्छ करून घ्या, मेक एमआरप्रॉपर. केलं स्वच्छ. मेनूकॉन्फिग उघडलं तर माझे दोन संध्याकाळचे सगळे एन गायब. डॉट कॉन्फिग फाइल नाही. डॉट कॉन्फिग डॉट ओल्ड पण नाही. दोन्ही झाडून नेल्या. आणि त्या ठिपक्याने सुरू होणाऱ्या फाइली, एरवीही लपलेल्याच असतात, म्हणजे जाताना दिसल्याही नाहीत.

मेक क्लीनही आहे, मेक एमआरप्रॉपरही आहे, शिवाय मेक डिस्टक्लीनही आहे असं कळलं. तिघांत फरक काय ते कुठे लिहिलंय?


सेमीकोलन | रविवार, रात्री ९:५१

मेक हेल्प म्हणा. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. क्लीन बांधणीचा बहुतेक कचरा काढतं आणि कॉन्फिग ठेवतं. एमआरप्रॉपर कॉन्फिगसकट सगळं काढतं. डिस्टक्लीन त्यापुढे जाऊन एडिटरने मागे ठेवलेल्या प्रती वगैरेही काढतं.

खरं सांगायचं तर ते कॉन्फिग गेलं हे बरंच झालं. दहा हजारांहून जास्त पर्याय आहेत. ते एकेक वाचून ठरवायचे असतात हा समजच चुकीचा. आम्ही कोणीही तसं करत नाही. जे कर्नल आत्ता तुमच्या मशीनवर धड चालतंय त्याचं कॉन्फिग बूट फोल्डरमध्ये आहे, कॉन्फिग हायफन आणि पुढे युनेम हायफन आर (चालू कर्नलचं नाव देणारी कमांड) जे सांगेल ते. ती फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिग नावाने आणा. मग मेक ओल्डडेफकॉन्फिग म्हणा. नव्या आवृत्तीत जे पर्याय वाढले असतील त्यांना ते आपापलं ठरलेलं उत्तर देऊन टाकतं. नुसतं ओल्डकॉन्फिग म्हणालात तर प्रत्येकासाठी तुम्हाला विचारत बसेल.

एवढ्यानेही बांधता येईल, पण जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांचे ड्रायव्हर बांधले जातील, म्हणून तुमचे तीन तास. ते छाटायला मेक लोकलमॉडकॉन्फिग. हे स्टीव्हन रोस्टेड यांचं काम, २.६.३२पासून आहे. ते एलएसमॉड बघतं, या क्षणी जे मॉड्यूल लोड झालेत तेवढे ठेवतं, बाकीचे बंद करतं. टिली मावशीसाठी मागितलं होतं त्याच्या बरंच जवळ जाणारं हे काम आहे, पण नाव असं ठेवलंय की मावशीला सापडू नये.

एक खड्डा आहे त्यात. 'या क्षणी' हे शब्दशः घ्या. चालवण्याआधी पेनड्राइव्ह लावा, प्रिंटर लावा, ब्लूटूथ हेडफोन जोडा, व्हीपीएन वापरत असाल तर तेही सुरू करा. जे त्या वेळी जागं नसेल ते नव्या कर्नलमध्ये नसेल.

आणि एखादा पर्याय शोधायचा असला तर मेनूकॉन्फिगमध्ये तिरपी रेघ दाबा. शोध उघडतो. तो पर्याय कोणत्या मेनूत आहे, कशावर अवलंबून आहे, कोणी चालू केलाय, सगळं दिसतं. समोर आकडा असतो, तो दाबला की थेट तिथे जाता येतं.


कोरी_पाटी | रविवार, रात्री १०:२०

तिरपी रेघ!! आणि मी वहीत नकाशा काढत होतो. "डिव्हाइस ड्रायव्हर्स, खाली अकरा, आत, खाली चार" असा. खरंच.


कोरी_पाटी | मंगळवार, रात्री ११:१०

प्रगती कळवतो. पेनड्राइव्ह आणि हेडफोन लावून लोकलमॉडकॉन्फिग चालवलं, बांधायला बसलो आणि लगेच थांबलं. डेबियन नावाच्या फोल्डरमधली एक पेम फाइल हवी होती, ती कशी बनवायची याचा नियम मेककडे नाही म्हणे. असलं फोल्डरच माझ्याकडे नाही.

तासभर शोधल्यावर उलगडा झाला. डेबियनवाले आपलं कर्नल बांधताना त्यात स्वतःची प्रमाणपत्रं घालतात. मी त्यांचं कॉन्फिग आणलं, त्यात त्या प्रमाणपत्राचा पत्ता तसाच राहिला. कॉन्फिग_सिस्टिम_ट्रस्टेड_कीज या ओळीत अवतरणचिन्हांच्या मधला मजकूर पुसून रिकामा ठेवला, झालं. म्हणजे "जुनं कॉन्फिग वापरा" हा सल्ला सगळे देतात, आणि तो पाळणारा प्रत्येक माणूस याच दगडाला ठेचकाळत असणार.

त्यानंतर मात्र बावीस मिनिटांत बांधून झालं. तीन तासांवरून बावीस मिनिटं! पॅकेजं घातली, मशीन सुरू केलं, लॉगिनचा पडदा आला. उठून एक फेरी मारून आलो.

पण वायफाय गेलं, जे आधी चालत होतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) आयडब्ल्यूएलवायफायच्या, म्हणजे वायफायच्या ड्रायव्हरच्या, नावाने ओळ आहे: डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर वजा दोन. फर्मवेअरचं (वायफायच्या कार्डाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं) पॅकेज आहे, फाइलही जागेवर आहे, जुन्या कर्नलवर चालतं. आता हे वजा दोन काय?


जुनं_खोड | बुधवार, सकाळी ७:४५

वजा दोन म्हणजे "अशी फाइल नाही". आता तुम्ही म्हणाल, फाइल तर आहे. एक विचारतो, खरं सांगा. मेनूकॉन्फिगमध्ये वायफायच्या ड्रायव्हरसमोर एम होता, तिथे तुम्ही चांदणी केलीत का?


कोरी_पाटी | बुधवार, सकाळी ८:०५

केली. एम म्हणजे अर्धवट आणि चांदणी म्हणजे पक्कं असं वाटलं. वायफाय पक्कंच हवं ना.


जुनं_खोड | बुधवार, सकाळी ८:३०

अगदी हेच मी कधीकाळी केलं होतं, म्हणून वास आला.

चांदणी म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच. मशीन सुरू झाल्याबरोबर तो जागा होतो आणि लगेच आपलं फर्मवेअर मागतो. त्या वेळी तुमची डिस्क अजून माउंट झालेली नाही. तेव्हा जे काही आहे ते इनिटरामएफएसच्या गाठोड्यात, आणि वायफायचं फर्मवेअर त्यात घालायचं कोणाला सुचलेलं नाही, कारण बूट व्हायला वायफाय लागत नाही. तो म्हणतो फाइल नाही, आणि त्या क्षणी ते खरंच असतं. पाच सेकंदांनी डिस्क आली तरी तो परत विचारायला येत नाही.

एम ठेवलात की डिस्क माउंट झाल्यावर, कार्ड ओळखलं गेल्यावर ड्रायव्हर लोड होतो. तोवर फाइल हजर असते. एम म्हणजे "लागेल तेव्हा", अर्धवट नव्हे. ज्यांना फर्मवेअर लागतं ते ड्रायव्हर एम ठेवणं सोयीचं. हे वायफायच्या मदतीत एका ओळीत लिहिता आलं असतं, हे मान्य करतो.


भोचक | बुधवार, दुपारी १:१५

मी परत आलो. एका कीबोर्डसाठी एवढं? आणि माहिती नाही माहिती नाही म्हणून ओरड चाललीय, सोर्समध्ये डॉक्युमेंटेशन नावाचं अख्खं फोल्डर आहे. लोकांना वाचायला नको.


सेमीकोलन | बुधवार, दुपारी २:०२

फोल्डर आहे हे खरं. त्यात कर्नल बांधण्याची माहिती किमान चार ठिकाणी आहे. ॲडमिन-गाइडमधली रीडमी. कोणत्या साधनाची किमान कोणती आवृत्ती हवी याची यादी प्रोसेस फोल्डरात चेंजेस नावाच्या फाइलीत. धागाकर्त्यांनी पहिल्याच दिवशी मागितलेली "काय काय लागतं" ती यादी हीच. पण "चेंजेस" हे नाव वाचून ती तिथे असेल असं कोणाला वाटेल? मेक कॉन्फिगचे प्रकार केबिल्ड फोल्डरात. आणि २०२३मध्ये थॉर्स्टन लीमहुइस यांनी लिहिलेलं "क्विकली बिल्ड ट्रिम्ड लिनक्स" नावाचं मार्गदर्शक. ते खरंच पायरीपायरीने सांगतं. लोकलमॉडकॉन्फिग, ट्रस्टेड कीजची भानगड, जागा किती लागेल (बारा जीबी धरा म्हणतं), सगळं आहे त्यात. धागाकर्त्यांना हे पहिल्या दिवशी मिळालं असतं तर हा धागाच निघाला नसता.

म्हणजे माहिती नाही ही तक्रार चूक, पण वाचायला नको हीसुद्धा चूक. त्यांनी वाचलं, आणि इमानदारीत वाचलं. मदतीत एन म्हणा लिहिलं होतं तर एन म्हणाले. ज्याने ड्रायव्हर लिहिला त्यानेच ती मदत लिहिलीय, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यासमोर तो कंट्रोलर आपल्याकडे आहे हे माहीत असलेला माणूस होता.


कोरी_पाटी | बुधवार, दुपारी २:४०

ताई, अगदी. मी सोळा दिवस "कर्नल कसं कंपाइल करावं" असं शोधत होतो. "ट्रिम्ड" हा शब्द शोधात घालायचा असतो हे कसं सुचणार?

भोचकराव, कीबोर्ड एक असला तरी त्याच्यावर कळा ऐंशीच्या वर आहेत.


रात्रपाळी | बुधवार, दुपारी ३:१०

अवांतर: सोर्सच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवू नका कोणी. "नवं कर्नल" असं नाव दिलं होतं. मेक सरळ नाही म्हणतं, नावात स्पेस किंवा कोलन चालत नाही. निदान याचं कारण तरी स्वच्छ शब्दांत सांगतं.


कोरी_पाटी | गुरुवार, रात्री १२:३५

वायफाय एम केलं, आलं. पेनड्राइव्ह उघडतो. हेडफोन जोडले जातात. युनेम हायफन आर म्हटलं की शेवटी मी घातलेलं नाव दिसतं, ते बघायला दोनदा उगाचच म्हटलं.

कीबोर्ड चालत नाही.

म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला तेवढंच झालेलं नाही. चार ओळी आहेत जागेवर, परत परत बघितल्या. कंपाइलरने चूक दाखवली नाही. आता झोपतो.


सेमीकोलन | गुरुवार, सकाळी ८:२०

हताश होऊ नका, आता अंतर थोडं आहे. त्या चार ओळींत बोर्डाचं नाव काय लिहिलंत आणि ते कुठून घेतलंत?

त्या यादीचं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे तुम्हालाच सापडेल. कीबोर्डची इंटरप्ट लाइन (कळ दाबल्याची सूचना पोचवणारी) म्हणजे एक क्रमांकाची. ती कशी वाचायची हे लॅपटॉपचं फर्मवेअर (बायोस) एसीपीआयच्या तक्त्यात सांगतं. असल्या काही यंत्रांवर कर्नल ते सांगणं बाजूला ठेवून जुन्या पद्धतीने वाचायला जातं आणि मग कळ दाबल्याचं त्याला कळतच नाही. यादीत नाव असलं की कर्नल म्हणतं, बरं, या यंत्राचं फर्मवेअर सांगतं तसंच करू. ग्रब फर्मवेअरच्याच भरवशावर चालतो, म्हणून तिथे तुमचा कीबोर्ड पहिल्यापासून जिवंत होता.

पण यंत्र ओळखायचं कसं? डीएमआयमधल्या, म्हणजे फर्मवेअरने यंत्राबद्दल दिलेल्या माहितीतल्या, नावावरून. नाव जुळलं नाही तर कर्नल गप्प पुढे जातं. ती चूक नव्हे, त्याच्या लेखी तुमचं यंत्र यादीत नाही एवढंच. म्हणून कंपाइलरही काही बोलला नाही.

सिस, क्लास, डीएमआय, आयडी या फोल्डरात बोर्ड_नेम नावाची फाइल आहे. तिच्यात काय आहे?


कोरी_पाटी | गुरुवार, सकाळी ८:४४

मी लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेल्या लेबलावरून घेतलं होतं. मोठ्या अक्षरांत जे मॉडेलचं नाव आहे ते.

बोर्ड_नेममध्ये भलतंच काहीतरी निघालं. सहा अक्षरं-आकडे, त्यांचा लेबलाशी काही संबंध नाही.


सेमीकोलन | गुरुवार, सकाळी ८:५०

ते घाला. कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं. हाताने टंकू नका, कॉपी करा. आणि या वेळी एमआरप्रॉपर नको!! एकच सी फाइल बदललीय, मेक तेवढीच परत बांधून जोडेल.


कोरी_पाटी | गुरुवार, सकाळी ९:३१

हे मी लॅपटॉपच्या कीबोर्डवरून लिहितोय

शेवटचा पूर्णविराम राहिला कारण कळ कुठे आहे ते आठवेना. या कीबोर्डवर आजवर एक वाक्य टंकलेलं नव्हतं.


रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ९:३३

वा वा वा! पार्टी.


जुनं_खोड | गुरुवार, सकाळी १०:१२

अभिनंदन. आता थोडं पाणी ओततो. पुढच्या वेळी डेबियन आपलं नवं कर्नल देईल, ग्रब कदाचित तेच आधी सुरू करेल आणि कीबोर्ड परत मरेल. घाबरू नका, ग्रबमध्ये जाऊन आपलं कर्नल निवडा. तिथे तर तो चालतोच. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या तर तुम्हाला दर वेळी नवा सोर्स आणून, ओल्डडेफकॉन्फिग करून परत बांधावं लागेल. हे कायमचं मिटवायचं तर त्या चार ओळी मुख्य कर्नलमध्ये जायला हव्यात. पाठवा.


कोरी_पाटी | गुरुवार, सकाळी १०:३०

मी? कर्नलमध्ये? खोडकाका, मला परवापर्यंत एम म्हणजे अर्धवट वाटत होतं.


जुनं_खोड | गुरुवार, सकाळी १०:४१

त्या फाइलचा इतिहास काढून बघा. एकेका लॅपटॉपसाठी चार-पाच ओळी, असे कितीतरी पॅच (दुरुस्तीचे तुकडे) आहेत. ज्याचा कीबोर्ड बंद होता तोच पाठवतो, कारण तपासून बघायला यंत्र त्याच्याकडेच असतं. स्क्रिप्ट्स फोल्डरात गेट_मेंटेनर नावाची स्क्रिप्ट आहे, कोणाला पाठवायचं ते ती सांगते. चेकपॅच नावाची दुसरी आहे, ती आधी चालवा. खाली साइन्ड-ऑफ-बाय, म्हणजे आपल्या नावाची सही. बाकी डॉक्युमेंटेशनमध्ये "सबमिटिंग पॅचेस" वाचा.


भोचक | गुरुवार, दुपारी १२:००

कधीतरी यादीत येईलच असं मी म्हणालो होतो. बरोबर निघालो ना?


कोरी_पाटी | शुक्रवार, रात्री १०:१५

भोचकराव, तुमचाही साइन्ड-ऑफ-बाय घालू का?

सबमिटिंग पॅचेस वाचलं. दोनदा वाचलं, आणि चक्क कळलं. चेकपॅच चालवलं, ओळीच्या शेवटी उगाच स्पेस आहे म्हणून ओरडलं, काढली. गेट_मेंटेनरने नावांची यादी दिली. पॅच मेलमध्ये चिकटवला, पाठवण्याआधी शहाणपण करून स्वतःलाच पाठवून बघितला, उतरवून घेतला आणि चेकपॅचला परत दिला.

आता प्रत्येक ओळीवर चूक दाखवतोय. मी ओळीच्या सुरुवातीला टॅब दिला होता, मेलमधून आलेल्या प्रतीत तिथे आठ स्पेस आहेत. कोणी घातल्या?


सेमीकोलन | शुक्रवार, रात्री १०:२२

तुमच्या मेल प्रोग्रॅमने. मेलमध्ये चिकटवायचं नसतं, गिट सेंड-ईमेल वापरायचं. ते बसवण्याची गोष्ट वेगळी आहे आणि लांब आहे. नवा धागा काढा.